वाचकांचे प्रश्न : वीजबिलाची प्रत आणि मागील आकारणीची पडताळणी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वीजबिलाविषयीची पत्रे बरीच असतात आणि त्यांपैकी अनेक पत्रांसोबत चालू महिन्याच्या एकाच बिलाचे छायाचित्र जोडून 'ही रक्कम बरोबर आहे का?' असे विचारलेले असते. एकट्या बिलावरून या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. विजेची आकारणी ही महिन्यामागून महिना पुढे सरकणारी नोंद आहे. या महिन्याचे बिल मागच्या महिन्याच्या रीडिंगवर उभे असते आणि यातली थकबाकी मागच्या भरण्यावर. म्हणून या वेळी निवडलेली पत्रे मुख्यतः जुन्या बिलांशी संबंधित आहेत. उत्तरांत महावितरणची पद्धत धरली आहे, कारण मुंबईचा बराचसा भाग वगळता राज्यभर पुरवठा तिच्याकडे आहे.

प्रश्न : आमची वीजजोडणी दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. काही महिन्यांपासून छापील बिल घरी येत नाही. मी मोबाइलवरील पेमेंट ॲपमधून दरमहा रक्कम भरतो. आता बँकेने पत्त्याचा पुरावा म्हणून बिलाची प्रत मागितली आहे. माझा मोबाइल क्रमांक वीज कंपनीकडे नोंदलेला नाही. तरीही प्रत ऑनलाइन मिळेल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : मिळेल. त्यासाठी आपल्याजवळ बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट क्रमांक असला पाहिजे. हे दोन्ही आकडे कोणत्याही जुन्या बिलाच्या वरच्या भागात छापलेले असतात. महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावर बिल पाहण्याची व भरण्याची सोय आहे. तेथे लघुदाब ग्राहक (घरगुती जोडण्या यातच मोडतात) हा पर्याय निवडून हे क्रमांक आणि पडद्यावर दिसणारी पडताळणीची अक्षरे भरली की चालू बिल उघडते व ते पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. मागील महिन्यांची बिले आणि भरण्याचा इतिहास सवडीने पाहायचा असेल, तर मात्र संकेतस्थळावर किंवा महावितरणच्या मोबाइल ॲपवर स्वतःचे खाते उघडावे आणि आपला ग्राहक क्रमांक त्या खात्याला जोडावा. एका खात्याला एकाहून अधिक जोडण्या जोडता येत असल्यामुळे गावाकडील घराचे बिल शहरातून पाहणाऱ्यांनाही हीच वाट सोयीची आहे.

मोबाइल क्रमांक नोंदवणे सोपे आहे आणि ते आजच करावे. संदेशात एम, आर, ई, जी ही चार इंग्रजी अक्षरे सलग लिहून, एक जागा सोडून, बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहावा आणि तो संदेश ९९३०३९९३०३ या क्रमांकावर पाठवावा. यानंतर बिलाची रक्कम, भरण्याची मुदत, रीडिंग आणि नियोजित वीजबंदी यांचे संदेश त्या मोबाइलवर येऊ लागतात. संदेश पाठवणे जमत नसेल, तर १९१२ या क्रमांकावर किंवा १८००२१२३४३५ आणि १८००२३३३४३५ या निःशुल्क क्रमांकांवर बोलूनही नोंदणी करता येते.

आपल्या पत्रातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पहिली म्हणजे पेमेंट ॲपमध्ये दिसते ती केवळ भरावयाची रक्कम. तेथे मिळणारी पावती हा पैसे भरल्याचा पुरावा आहे, तिच्यात रीडिंग, युनिट, दर किंवा थकबाकी यांतले काहीही नसते. ॲपमधून रक्कम भरणारे अनेक जण वर्षानुवर्षे बिल पाहतच नाहीत आणि मग एखाद्या महिन्यात रक्कम फुगली की मागे काय झाले ते त्यांना सांगता येत नाही. रक्कम कोठूनही भरावी, परंतु बिल उघडून पाहिल्यावाचून भरू नये.

दुसरी गोष्ट नावाची. बिल वडिलांच्या नावावर असल्यामुळे त्याची प्रत मिळाली तरी आपल्या पत्त्याचा पुरावा म्हणून बँक ती स्वीकारेलच असे नाही. वारस म्हणून जोडणी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो टाळण्याचे एरवीही काही कारण नाही, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली की ग्राहक कोण, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो.

छापील बिल येत नाही याचे एक कारण असेही असू शकते की कोणीतरी आपल्या जोडणीसाठी 'गो-ग्रीन' पर्याय निवडला असेल. बिलावर डाव्या बाजूला वर छापलेला गो-ग्रीन क्रमांक नोंदवून हा पर्याय घेता येतो. त्यात कागदी बिल बंद होऊन ते ई-मेलवर येते आणि त्याबद्दल दर बिलामागे १० रुपयांच्या हिशेबाने सवलत मिळते. पर्याय चांगला आहे, मात्र ज्या ई-मेलवर बिल जाते तो घरातल्या कोणाचा आहे आणि तो उघडला जातो का, हे पाहावे.

मुंबईच्या वाचकांसाठी एवढेच की बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर यांची संकेतस्थळे आणि ग्राहक क्रमांकांची रचना वेगळी आहे, परंतु क्रमांक भरून बिल पाहणे आणि खाते उघडून मागील बिले मिळवणे हा क्रम तोच आहे. मुलुंड आणि भांडुप हा भाग मात्र महावितरणकडे आहे. भिवंडीत टोरेंट ही महावितरणची फ्रँचायझी म्हणून काम पाहते.

प्रश्न : आमच्याकडे सलग चार महिने ६० युनिटचे सरासरी बिल आले. घर बंद नव्हते. पाचव्या महिन्यात एकदम २३५ युनिटचे बिल आले आणि रक्कम नेहमीच्या कित्येक पट झाली. कार्यालयात विचारले असता 'युनिट तुम्हीच वापरले आहेत' असे सांगण्यात आले. मागील आकारणी माझी मला तपासता येईल का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : तपासता येईल, आणि आपल्या पत्रातील आकड्यांवरूनच सुरुवात करता येईल. त्याआधी किमान मागील बारा महिन्यांची बिले उतरवून घ्यावीत व एका वहीत प्रत्येक महिन्यासाठी मागील रीडिंग, चालू रीडिंग, एकूण वापर, बिलाची रक्कम, भरलेली रक्कम, भरल्याची तारीख आणि दाखवलेली थकबाकी हे आकडे ओळीने लिहावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते तासाभरात होते आणि कार्यालयातील प्रत्येक संभाषणात आपल्या बाजूने उभे राहते.

पहिली पडताळणी रीडिंगची. प्रत्येक बिलातील 'मागील रीडिंग' हे त्याच्या आधीच्या बिलातील 'चालू रीडिंग'शी तंतोतंत जुळले पाहिजे. जेथे ते जुळत नाही तेथे थांबावे. मधल्या काळात मीटर बदललेला असेल, तर न जुळणे स्वाभाविक आहे. मात्र अशा वेळी जुन्या मीटरचे काढतानाचे शेवटचे रीडिंग आणि नव्या मीटरचे सुरुवातीचे रीडिंग नोंदवणारा मीटर बदली अहवाल असतो आणि त्याची प्रत मागावी. जुन्या मीटरवरील शिल्लक युनिट पुढील बिलात 'समायोजित युनिट' म्हणून येतात. मीटर बदललेला नसताना साखळी तुटत असेल, तर ती चूक आहे आणि तेवढे एक कारण तक्रारीला पुरेसे आहे.

दुसरी पडताळणी रीडिंग खरोखर घेतले होते का याची. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी 'आर.एन.ए.', 'लॉक', 'इनॲक्सेस' किंवा 'फॉल्टी' असा शेरा असेल, तर त्या महिन्याचे बिल अंदाजाने दिलेले आहे. आर.एन.ए. म्हणजे रीडिंग उपलब्ध नाही, इनॲक्सेस म्हणजे मीटरपर्यंत पोहोचता आले नाही आणि फॉल्टी म्हणजे मीटर सदोष आहे. बिलावर मीटरचे छायाचित्र छापलेले असेल, तर तेही पाहावे. त्यातील आकडा व मीटर क्रमांक बिलातील आकड्यांशी ताडून पाहावा. छायाचित्र धूसर असेल किंवा भलत्याच मीटरचे असेल, तर ते बिल जपून ठेवावे. आपले घर बंद नसताना 'लॉक' असा शेरा असेल, तर त्याबद्दल त्याच महिन्यात लेखी हरकत घेणे आवश्यक होते. पुढे असे घडल्यास महिना उलटू देऊ नये आणि स्वतः मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा, जो अनेक वाचकांच्या लक्षात येत नाही. घरगुती दर टप्प्यांचे असतात : पहिल्या १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. अलीकडील दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्यातील वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक राहिला आहे. हे टप्पे दरमहाच्या वापरासाठी आहेत. त्यामुळे अनेक महिन्यांचा वापर एकाच महिन्यात झाला असे धरून आकारणी केली, तर ग्राहकाने प्रत्यक्षात ज्या टप्प्यात कधी पाऊलही ठेवले नाही त्या टप्प्याचा दर त्याला भरावा लागतो.

आपल्या बाबतीत चार महिन्यांचे प्रत्येकी ६० प्रमाणे २४० युनिट आधी आकारले गेले आणि पाचव्या महिन्यात २३५ युनिट आले, म्हणजे पाच महिन्यांचा प्रत्यक्ष वापर ४७५ युनिट, दरमहा ९५. याचा अर्थ एकाही महिन्यात आपण १०० चा टप्पा ओलांडलेला नाही. तरीही २३५ युनिट एका महिन्याचे धरले असतील, तर त्यांतले १३५ युनिट दुसऱ्या टप्प्याच्या दराने आकारले गेले असणार. योग्य पद्धत अशी की एकूण ४७५ युनिट पाच महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ द्यावा आणि सरासरीने आधी आकारलेली रक्कम त्यातून वजा करावी. तसे झाले असल्यास बिलात 'समायोजित रक्कम' या रकान्यात वजा आकडा दिसेल. तो दिसत नसेल, तर आपली तक्रार या एकाच वाक्याने सुरू करावी : पाच महिन्यांच्या वापराला दरमहा टप्प्यांचा लाभ मिळालेला नाही. 'युनिट तुम्हीच वापरले' हे कार्यालयाचे उत्तर युनिटपुरते खरे असू शकते, पण दराच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. मीटर वाचता न आल्यास अंदाजे बिल देता येते, मात्र प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर त्याचे समायोजन झालेच पाहिजे, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजपुरवठा संहितेतच नमूद आहे.

त्यानंतर रकमेची शीर्षके पाहावीत. स्थिर आकार हा वापर शून्य असला तरी लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर लागतात. इंधन समायोजन आकार वीज खरेदीच्या खर्चानुसार महिन्यागणिक बदलू शकतो, त्यामुळे दोन महिन्यांत युनिट सारखे असूनही रक्कम वेगळी असेल, तर आधी हा रकाना पाहावा. नियामक आयोगाने मंजूर केलेले दर साधारणपणे १ एप्रिलपासून बदलत असल्यामुळे मार्च आणि एप्रिल यांची तुलना करताना ती गोष्टही ध्यानात ठेवावी. घरगुती ग्राहकांना वीज शुल्क १६ टक्के लागते. ते थकबाकीवर नव्हे, तर चालू आकारावर मोजलेले आहे ना, हे गुणाकार करून पाहता येते.

शेवटी पैशांची साखळी. मागील बिलाची रक्कम वजा भरलेली रक्कम म्हणजे या बिलातील थकबाकी, हे दर महिन्याला जुळले पाहिजे. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी भरलेली रक्कम किंवा धनादेश पुढच्या बिलानंतर जमा झाल्यास एका महिन्यापुरती थकबाकी दिसते आणि पुढील महिन्यात ती नाहीशी होते. ती सलग दोन महिने दिसली, तर भरणा चुकीच्या ग्राहक क्रमांकावर गेला आहे का, ते पावतीवरील बारा अंक वाचून तपासावे.

संकेतस्थळावर जुन्या महिन्यांची बिले पुरेशी मागे जात नसतील, तर उपविभागीय कार्यालयात अर्ज करून आपल्या जोडणीचा सी.पी.एल. मागावा. ही ग्राहकाची वैयक्तिक खातेवही असते. तिच्यात महिनावार रीडिंग, शेरा, युनिट, आकारणी, समायोजन, भरणा आणि थकबाकी एकाच तक्त्यात दिसतात. कार्यालयातील कर्मचारी आणि तक्रार निवारण मंच दोघेही याच तक्त्यावरून बोलतात, म्हणून तो आपल्याही हातात असला पाहिजे. अर्जाची पोच घ्यावी. टाळाटाळ झाल्यास माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून तो मागता येतो, कारण महावितरण ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे.

प्रश्न : माझ्या ताज्या बिलात अचानक सहा वर्षांपूर्वीची थकबाकी दाखवली आहे. त्या काळातील पावत्या माझ्याजवळ नाहीत. रक्कम भरली नाही तर पुरवठा तोडू, असे तोंडी सांगितले जात आहे. काय करावे? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : वीज कायदा, २००३ मधील कलम ५६ हे आपल्यासारख्या ग्राहकांनी स्वतः वाचावे असे कलम आहे. त्याच्या दुसऱ्या उपकलमानुसार, कोणतीही रक्कम ज्या दिवशी प्रथम देय झाली त्या दिवसापासून दोन वर्षे उलटल्यानंतर ती वसूल करता येत नाही व तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. अपवाद एवढाच की ती रक्कम मधल्या काळात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली असली पाहिजे. म्हणजे आपला सगळा प्रश्न मधल्या सहा वर्षांच्या बिलांत काय छापले होते यावर येऊन ठेपतो. पावत्या नसल्या तरी चालतील, सी.पी.एल. काढून प्रत्येक महिन्यातील थकबाकीचा रकाना पाहावा. तो मध्ये शून्य असेल आणि आता एकाएकी भरला असेल, तर कलम ५६(२) चा आधार घेऊन लेखी हरकत नोंदवावी. दरमहा तीच रक्कम व्याजासह पुढे ओढली जात असेल आणि आपण केवळ चालू रक्कम भरत आला असाल, तर हा आधार टिकणार नाही.

यात एक भेद समजून घेणे गरजेचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने अजमेर विद्युत वितरण निगम विरुद्ध रहमतुल्ला खान या प्रकरणात फेब्रुवारी २०२० मध्ये असे ठरवले की रक्कम 'प्रथम देय' होते ती तिचे बिल दिले गेल्यावर. आणि चुकीच्या दराने आकारणी झाल्याचे मागाहून लक्षात आल्यास कंपनी पूरक मागणी करू शकते, मात्र दोन वर्षांची मुदत उलटलेल्या रकमेसाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग तिला वापरता येत नाही. म्हणून ही थकबाकी जुन्या न भरलेल्या बिलाची आहे की चूक सापडल्याने नव्याने काढलेल्या फरकाची, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे. फरकाची असेल तर महिनावार हिशेब मागावा.

पुरवठा तोडण्याविषयी तोंडी सांगणे पुरेसे नसते. कलम ५६(१) नुसार त्यासाठी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्याच उपकलमात वादग्रस्त बिलासाठी ग्राहकाला मोठा दिलासा आहे : मागणी केलेली संपूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने येणारी दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत राखून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही सहा महिन्यांची सरासरी काढण्यासाठीही मागील बिलेच लागतात. रक्कम भरताना 'हरकत राखून' असे पत्र जोडावे व त्याची पोच जपावी.

कार्यालयाकडून समाधान झाले नाही, तर परिमंडल स्तरावरील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे पोहोचले पाहिजे. मंचाचा आदेश मान्य नसल्यास साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. वीजचोरी किंवा अनधिकृत वापराचा ठपका असलेली, म्हणजे कलम १३५ आणि १२६ खालील प्रकरणे मात्र मंचासमोर चालत नाहीत.

प्रश्न : मीटर बंद पडल्याचे सांगून मागील अकरा महिन्यांचे सरासरीने काढलेले बिल दिले आहे. हे नियमात बसते का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बसत नाही. मीटर थांबलेला असल्यास वीजपुरवठा संहितेनुसार जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठीच अशी आकारणी करता येते आणि तीही त्याआधीच्या बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वापराच्या सरासरीने. मीटरशी छेडछाड झाल्याचा आरोप असेल तर नियम वेगळे आहेत. कोणत्या महिन्यापासून बिलावर 'फॉल्टी' शेरा आहे ते पाहून, तीन महिन्यांच्या मर्यादेचा उल्लेख करून सुधारित बिल मागावे.

प्रश्न : नुकतीच जुनी सदनिका विकत घेतली. नाव बदलण्याचा अर्ज केल्यावर आधीच्या मालकाची तीन वर्षांची थकबाकी भरण्यास सांगितले. ती माझ्यावर कशी येते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थकबाकी जागेला चिकटते, त्यामुळे ती आपल्यावर अजिबात येत नाही असे म्हणता येणार नाही. परंतु राज्याच्या वीजपुरवठा संहितेत नव्या मालकाचे दायित्व न भरलेल्या आकारापैकी जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरते मर्यादित केलेले आहे. वारसाला मात्र ही मर्यादा लागू होत नाही. तीन वर्षांपैकी कोणत्या सहा महिन्यांचे किती, हे महिनावार तक्त्यातून काढून घ्यावे आणि तेवढेच भरण्याची तयारी लेखी कळवावी. त्याच जागेत पूर्वी कायमस्वरूपी खंडित झालेली, ज्याला कार्यालयात पी.डी. म्हणतात अशी, दुसरी जोडणी होती का, हेही विचारावे. अशा जोडणीची थकबाकी चालू जोडणीवर टाकली जाते.

घर घेऊ इच्छिणाऱ्या इतर वाचकांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की खरेदीखतावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून ग्राहक क्रमांक घ्यावा, चालू बिल स्वतः संकेतस्थळावरून उघडावे आणि 'निव्वळ थकबाकी', 'व्याजाची थकबाकी' व 'मंजूर भार' हे रकाने वाचावेत. विक्रेत्याने दाखवलेल्या छापील बिलावर विसंबू नये. ते कदाचित बऱ्याच महिन्यांपूर्वीचे असेल.

प्रश्न : दरमहाचे बिल भरलेले असताना 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' म्हणून वेगळे बिल आले आहे. ते खरे आहे का व ते भरावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव त्याच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी, असा नियम आहे. वर्षातून एकदा मागील वापरावरून ही ठेव पुन्हा मोजली जाते आणि कमी पडणारी रक्कम स्वतंत्र बिलाने मागितली जाते. मागील बारा बिलांची बेरीज करून बाराने भागावे, दोनने गुणावे आणि आधी जमा असलेली ठेव वजा करावी; उत्तर त्या बिलाच्या जवळपास आले पाहिजे. बारापैकी एखाद्या बिलात चुकीची फुगलेली आकारणी असेल, तर ठेवही फुगते, म्हणून आधी ते बिल दुरुस्त करून घ्यावे. ठेवीवर व्याज मिळते व ते बिलातून वळते केले जाते. जोडणी बंद करताना देणी वजा जाऊन ठेव परत मिळते.

प्रश्न : 'मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री वीजपुरवठा बंद होईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा' असा संदेश एका मोबाइल क्रमांकावरून आला. सोबत बिल पाहण्यासाठी एक फाइल आहे. उघडावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उघडू नये आणि त्या क्रमांकावर फोनही करू नये. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. महावितरणचे अधिकृत संदेश खासगी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत आणि त्यांत एखाद्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक क्रमांक दिलेला नसतो. आपण वर वाचलेच असेल की पुरवठा तोडण्यासाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्यामुळे 'आज रात्री' हे शब्दच संदेश खोटा असल्याची खूण आहेत. बिल म्हणून पाठवलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल उघडल्यास फोनवरील संदेश आणि बँकेचे संकेतशब्द परक्याच्या हाती जाऊ शकतात. शंका वाटल्यास अधिकृत ॲप स्वतः उघडून भरण्याचा इतिहास पाहावा किंवा १९१२ वर विचारावे. फाइल आधीच उघडली असेल किंवा पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवून खाते गोठवून घ्यावे.